मोहाच्या वाडीचा बांध आणि शेवटची गोणी

आमच्या बार्शीच्या महिला मंडळात प्रवासवर्णन वाचायचं म्हणजे निदान काश्मीर तरी हवं. गेल्या खेपेला एका बाईंनी सिंगापूरचं वाचलं, तेव्हा चहाबरोबर काजू होते. मी अंबरनाथ, उल्हासनगर आणि बदलापूर असा प्रवास करून आले आहे आणि त्यावर वाचणार आहे, असं सांगितल्यावर आमच्या अध्यक्षीणबाईंनी काळजीनं विचारलं, "तिकडे कुणाचं काही झालंय का?" त्यांचा दोष नाही. बार्शीहून त्या बाजूला माणसं गेली ती नोकरीसाठी, नाहीतर सांत्वनाला. हौसेनं जाणारी बहुधा मी पहिलीच. तेव्हा ज्यांनी ती गावं पाहिलेली नाहीत, आणि ती पाहण्याचा ज्यांचा इरादाही नाही, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे.

जाण्याचं कारण माझा धाकटा भाऊ वसंता. तो इंजिनिअर आहे आणि तोही पाण्याचा. नव्वदीचं दशक लागायच्या सुमाराला त्याला काही महिने हॉलंडला पाठवलं होतं. धरणं कशी बांधावीत, समुद्र कसा थोपवावा, भरती-ओहोटीच्या खाड्या कशा बंद कराव्यात, हे सगळं तो शिकून आला. आल्यावर त्याला अंबरनाथला एका कचेरीत बसवलं, तिथे तो नळजोडण्यांच्या अर्जांवर सह्या करतो. समुद्र बंद करायला शिकलेला माणूस दिवसभर गळके नळ बंद करवतो, हे त्याचं दुःख. दरवर्षी भाऊबीजेला तो बार्शीला येतो, यंदा मात्र शेजाऱ्यांकडे फोन करून म्हणाला, "अक्का, या वेळी तू ये. ओवाळणीत तुला वाहतं पाणी बंद करून दाखवतो." बाकीच्यांचे भाऊ साड्या देतात. मी पिशवी भरली.

अंबरनाथ

अंबरनाथला गेल्यावर माणसं शिवमंदिर पाहतात. मीही पाहिलं, पण एकटीनं. एवढं कोरीव काम, त्या बायकांच्या मूर्ती, तो काळा दगड, आणि आमचा वसंता त्या सगळ्याकडे पाठ करून शेजारच्या ओढ्याकडे बघत उभा. देवळाच्या पायरीशी पाणी कसं वळतं, पावसाळ्यात ते कुठवर चढत असेल, हे तो मला हातवारे करून सांगत होता. बेल-फूल विकणाऱ्या बाईला वाटलं, साहेब ओढ्याला नमस्कार करताहेत, म्हणून तिनं एक पान त्याच्या हातावर ठेवलं.

संध्याकाळी घरी स्लाइड दाखवण्याचा कार्यक्रम झाला. हा त्यांच्या बिल्डिंगमधला नेहमीचा कार्यक्रम असावा, कारण शेजारच्या काकू आल्या त्या भाजी निवडायचं ताट घेऊनच. भिंतीवर चादर लावली, दिवे घालवले आणि चादरीवर हॉलंडचा समुद्र आला. वसंता बोलायला लागला की त्याची बायको सुनंदा स्वयंपाकघरातून पुढचं वाक्य आधीच बोलायची. "आता ती क्रेन येईल, वन्सं. मग यांचा एक फोटो येईल, त्यात हे दिसत नाहीत, नुसती टोपी दिसते." तसंच झालं.

पण त्यातली एक गोष्ट मला खरोखर कळली, आणि पुढे जे घडलं त्यासाठी ती तुम्हालाही कळायला हवी. वाहतं पाणी अडवायचं तर आपण काय करू? दोन्ही काठांकडून भर टाकत मध्यावर येऊ. इथेच फसगत होते. मधली वाट जितकी अरुंद होते तितकं पाणी तिथून जोरात जातं, आणि जोरात जाताना खालचा तळ उकरून नेतं. शेवटच्या हातभर जागेत टाकलेला दगड टिकत नाही. म्हणून त्या लोकांनी एके ठिकाणी खाडीवर तारा ताणल्या, तारांवरून पाळणे नेले आणि सबंध रुंदीवर काँक्रीटचे ठोकळे सारखे टाकत टाकत तळच वर आणला. मी म्हटलं, म्हणजे दार लोटून घ्यायचं नाही, उंबराच वाढवत न्यायचा. वसंतानं दिवा लावला आणि बायकोला म्हणाला, "बघ, अक्काला एका बैठकीत कळलं." सुनंदा म्हणाली की वन्संसारखं तिलाही चार दिवसांत बार्शीला निघून जाता आलं असतं तर तिलाही एका बैठकीत कळलं असतं.

वसंताला अडवायचं होतं ते पाणी बदलापूरच्या पलीकडे, डोंगराच्या पायथ्याशी होतं. एक ओढा, त्याच्या दोन काठांवर ठाकर आदिवासींच्या दोन वाड्या. या काठाला मोहाची वाडी, त्या काठाला जांभळाची वाडी. भात कापून झालं की ओढा बांधायचा, म्हणजे काठच्या विहिरीला पाणी राहतं आणि वाल, काकडी, भाजीपाला करता येतो. बांध नसला तर दिवाळीनंतर मुकादमाचा ट्रक येतो आणि घरंच्या घरं वीटभट्टीवर जातात, ती थेट पावसाच्या तोंडाला परततात. लागोपाठ दोन वर्षं बांध फुटला होता. वसंता एका रविवारी तिकडे फिरायला गेला होता, तेव्हा यशी नावाच्या एका सुनेनं त्याला गाठून विचारलं होतं, साहेब पाण्यातले आहात ना, मग एवढं आमचं बघा. कचेरीचं हे काम नव्हे. रविवार आपला आहे, असं म्हणून त्यानं हो म्हटलं. ट्रक सोमवारी येणार होता.

उल्हासनगर, कॅम्प दोन

शनिवारी गोण्या घ्यायला आम्ही उल्हासनगरला गेलो. बार्शीच्या बाजारात दुकानदार गादीवर बसतो आणि आपण विचारल्याशिवाय बोलत नाही. इथे कॅम्प दोनच्या गल्लीत शिरलं की दुकानंच अंगावर येतात. एका दुकानात जीनच्या पँटी, त्याच्याच पायरीवर पापड, वरच्या माळ्यावर शिलाई मशिनांचा खडखडाट. मला गोण्या घ्यायच्या होत्या, तरी मी दोन परकरांचा भाव ठरवून बसले होते. कसा, ते अजून कळलेलं नाही.

रिकाम्या गोण्यांचा व्यापारी म्हणजे टेकूमल शेठ. पांढरे केस, पांढरा लेंगा आणि समोर एक कॅल्क्युलेटर, ज्याला ते हात लावत नसत. आम्ही बसताच पाणी आलं आणि पाण्याबरोबर भाजलेला पापड. सिंध्यांच्यात पाहुण्याला आधी पापड-पाणी. आमच्याकडे गूळ-पाणी असतं. पापड खाताना भाव करता येत नाही, तोंडात आवाज होतो, हे मात्र माझ्या उशिरा लक्षात आलं. नंतर डाळ-पकवान आलं, तेव्हा तर भावाचा विषयच संपला.

शेठनी विचारलं, गोण्यांत काय भरणार? वसंता म्हणाला, माती. त्यांचा चेहरा उतरला. साखरेच्या, तांदळाच्या, इतक्या चांगल्या घरच्या गोण्या आणि त्यांत माती? मग वसंतानं ओढा अडवण्याची सगळी हकिगत सांगितली. हॉलंडही सांगितलं. शेठनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "साईं, पानी तो मार्च में अपने आप रुक जाएगा. आप काहे को तकलीफ लेते हो?"

यावर हॉलंडच्या शास्त्रात उत्तर नव्हतं. वसंता पापडाकडे बघत बसला. पण आम्ही उठताना शेठनी आणखी एक गठ्ठा टेम्पोत टाकायला लावला. आपला देव झुलेलाल, तो पाण्यात राहतो, तेव्हा पाण्याच्या कामाचे एवढे पैसे नकोत, असं ते म्हणाले. मला त्यांच्याबद्दल फार आदर वाटला. तो दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत टिकला.

बदलापूरच्या पुढे

रविवारी बदलापूर गावातून टेम्पो निघाला. जुन्या गावातली कौलारू घरं मागे पडली, मग भाताची कापलेली खाचरं आणि मग नुसता डोंगर. आमच्या सोलापुराकडे डोंगर म्हणून जे दाखवतात, त्याला इथली माणसं बांध म्हणतील. रस्ता संपला तिथे टेम्पोवाला म्हणाला, "बाई, इधर से आगे अपना इलाका खतम, आता पायी." गोण्यांचे गठ्ठे डोक्यावर घ्यायला वाडीतल्या बायका आल्या होत्या, सगळ्यांत पुढे यशी. बारकीशी, ठसठशीत, गुडघ्यापर्यंत लुगडं. तिनं मला बघून विचारलं, या पण पाण्यातल्या का? वसंता म्हणाला, नाही, ही माझी बहीण, शाळेत भूगोल शिकवते. "मंग हिला ठावं आसंल," असं म्हणून तिनं गठ्ठा उचलला. काय ठाऊक असेल ते मला विचारायचा धीर झाला नाही.

यशीचं माहेर जांभळाच्या वाडीत आणि सासर मोहाच्या वाडीत. ओढ्याच्या या काठाला तिचा सासरा कमळू, त्या काठाला तिचा बाप चांगो, आणि हेच दोघं आपापल्या वाडीचे म्होरके. दोन्ही वाड्यांची सोयरीक जुनी, त्यामुळे मानपानही जुना. बांध घालताना प्रत्येक वाडी आपापल्या काठाकडून निघते आणि मध्ये भेटते. जी वाडी शेवटचा धोंडा ठेवेल तिनं नारळ फोडायचा आणि वर्षभर दुसरीनं म्हणायचं की पाणी तुम्ही अडवलं.

आता गंमत बघा. शेवटचा धोंडा आपला हवा तर त्याच्या आधीचा दुसऱ्यानं ठेवायला हवा. म्हणून मध्ये माणूसभर जागा उरली की दोन्ही बाजू थांबतात. कमळू धोंडा उराशी धरून म्हणतो, व्याही, आधी तुमचा. चांगो धोंडा उराशी धरून म्हणतो, छे, आधी तुमचा. इतकी अदब लग्नातसुद्धा नसते. अशी अदब दुपारपर्यंत चालते आणि तोवर त्या माणूसभर फटीतून ओढा तळ उकरून नेतो आणि बांध खचतो. दोन वर्षं बांध पाण्यानं फोडला असं सगळे म्हणत होते. यशीकडून हे सगळं ऐकून वसंता माझ्याकडे वळला, त्याच्या डोळ्यांत पाणी यायचं बाकी होतं. म्हणाला, "अक्का, अगदी पुस्तकातली केस आहे."

त्यानं सगळ्यांना काठावर बसवलं आणि काडीनं मातीत आकृती काढून समजावलं. या वर्षी काठाकडून यायचं नाही. सबंध ओढ्यावर एक थर, मग त्यावर दुसरा, असं सारखं वर यायचं. मध्यावर बांध थोडा बुटका ठेवायचा, म्हणजे जास्तीचं पाणी मधून सांडेल आणि काठ सुरक्षित राहतील. फट नाही, जोर नाही, फुटणं नाही.

मग कमळूनं तंबाखू मळता मळता विचारलं, "मंग शेवटची गोनी कंची?"

"शेवटची गोणी नाहीच," वसंता आनंदानं म्हणाला. "तीच तर मजा आहे."

ही मजा कुणाच्याच चेहऱ्यावर दिसेना. चांगो उठून लांब जाऊन थुंकून आला. दोन-तीन बाप्ये बैल बघायला म्हणून निघाले. माझ्या भावानं एका वाक्यात दोन्ही वाड्यांचा मान काढून घेतला होता आणि त्याला ते कळलंही नव्हतं. शेवटी यशीच बोलली. म्हणाली, तुमच्या रीतीनं दोन सालं फुटला, एक साल साहेबाच्या रीतीनं फुटू द्या. भट्टी कुठं पळते? उद्या ट्रक येतोच आहे. तिच्या सासूनं "व्हय" म्हटलं, मग बायका उठल्या आणि त्या उठल्यावर बाप्यांना बसून राहता येईना.

गोण्या भरायला लागलो आणि झुलेलालचा गठ्ठा सुटला. त्या गोण्या मिरच्यांच्या होत्या. पहिली गोणी झटकताच काठावरची सगळी माणसं शिंकायला लागली. माझं दहा मिनिटांत नाक लाल झालं. एक म्हातारी डोळे पुसत म्हणाली, आता पाण्याला पण शिंक येईल. त्या गोण्यांना मग ओढ्यात बुडवून ठेवलं. खालच्या अंगाला म्हशी बसल्या होत्या, त्या उठून चालत्या झाल्या.

पण काम सुरेख चाललं. थरावर थर. पाणी सगळ्या रुंदीवरून पातळ, चादरीसारखं वाहत होतं, कुठेही खळखळाट नाही. वसंता गुडघाभर पाण्यात उभा राहून "बरोबर, बरोबर, तिकडे एक" असं म्हणत होता, आणि नळांच्या अर्जांवर सह्या करणारा माझा भाऊ मला त्या दिवशी खरोखर मोठा वाटला. मधल्या सुट्टीत तांदळाची भाकरी आणि वालाचं बिरडं खाल्लं. मी ज्वारीची भाकरी थापणारी बाई, मला ती पांढरी, मऊ भाकरी आधी लाडावलेली वाटली, पण बिरड्याबरोबर तिसरी घेताना मत बदललं.

दुपार कलली तेव्हा शेवटचा थर झाला. मध्यावर हातभर बुटका, ठरल्याप्रमाणे. वसंता काठावर येऊन टॉवेलानं पाय पुसायला लागला. तेवढ्यात कमळूनं, कुणाला काही न सांगता, बाजूला लपवून ठेवलेली एक गोणी उचलली आणि त्या बुटक्या जागी नेऊन ठेवली. शेवटची गोणी मोहाच्या वाडीची झाली.

चांगोनं ते पाहिलं. त्यानंही एक गोणी लपवून ठेवली होतीच. ती त्यानं कमळूच्या गोणीवर ठेवली. मग कमळूच्या मुलानं आणली, मग जांभळाच्या वाडीच्या दोघांनी, मग पुन्हा कमळूनं आणि त्यावर पुन्हा चांगोनं. इतकी वर्षं शेवटच्या आधीचा धोंडा कुणी टाकत नव्हतं, आता शेवटची गोणी थांबेचना. बांधाच्या मध्यावर हां हां म्हणता गोण्यांचा उंचवटा तयार झाला. आणि पाणी, ज्याला मधून जायचं होतं, ते तुंबलं, वर चढलं आणि मोहाच्या वाडीच्या काठानं वाट शोधायला लागलं. काठाची माती ढेकळाढेकळानं सुटायला लागली. त्या काठावर यशीनं वालासाठी खणून ठेवलेला तुकडा होता.

वसंता धावला. तो मराठीत काय ओरडत होता ते शिंकून बसलेल्या घशामुळे कळेना, इंग्रजीतलं कुणाला कळण्याचा प्रश्न नव्हता. त्यानं वरच्या गोणीला हात घातला तेव्हा कमळू आणि चांगो त्या दिवसात पहिल्यांदाच एक होऊन म्हणाले, साहेब, हात लावू नका. आपली ठेवलेली गोणी दुसऱ्यानं काढली तर नाक कापलं जातं, आणि स्वतः काढणं म्हणजे हार. दोघं उंचवट्याच्या दोन बाजूंना उभे, आणि काठ चाललेला. मी काठावर उभी राहून "अहो, अहो" म्हणत होते. भूगोलाचा त्यापुढे काही उपयोग झाला नाही. मला फार भीती वाटत होती, ती पाण्याची नाही, त्या पोरीच्या तुकड्याची.

यशी पाण्यात उतरली. उंचवट्यापाशी आली, सगळ्यांत वरची गोणी तिनं कवेत घेतली. चांगो म्हणाला, "यशे, ती माजी हाय."

"तुजीच हाय, बा," ती म्हणाली. "आन् ही हाये माज्या सासऱ्याची. तुज्या घरची मी, यांच्या घरची मी. मी उचल्ली तर कोन हरला?"

ती गोणी घेऊन तशीच खचत्या काठाकडे चालत गेली आणि तिथे दाबून बसवली. परत आली, सासऱ्याची उचलली, बापाच्या गोणीशेजारी नेऊन ठेवली. तिसऱ्या फेरीला चांगो तिच्या मागून निघाला, चौथीला कमळू. वसंता आता काठाशी नुसता बोटानं दाखवत होता, कुठली कुठे, आणि सगळे मुकाट्यानं ठेवत होते. मध्यावरचा उंचवटा उतरला, काठ भरला. थोड्या वेळानं पाणी मधून सांडायला लागलं, शहाण्यासारखं. वसंतानं आणलेला नारळ कुणी फोडायचा हे अर्थातच ठरलं नाही. तो आमच्याबरोबर अंबरनाथला परत आला आणि सुनंदानं त्याची चटणी केली.

सोमवारी सकाळी वसंतानं रजा टाकली. बांध टिकला की नाही हे पाहिल्याशिवाय त्याला सह्या सुचल्या नसत्या. आम्ही पोचलो तेव्हा ओढा बांधामागे तळ्यासारखा पसरला होता आणि मधून बारीक धार पडत होती. वसंता चपला हातात घेऊन ती धार बघत उभा राहिला. बांधावर कमळू आणि चांगो बसलेले होते, मध्ये हातभर अंतर सोडून, आणि पाणी कुणी अडवलं यावर त्यांचं चाललं होतं.

एवढ्यात रस्त्याच्या टोकाला ट्रकचा भोंगा वाजला. मुकादम वाडीत आला, घराघरापुढे थांबून नावं घेत ओढ्यापाशी पोचला. काही घरं सामान बांधून निघालीही होती. बांध झाला म्हणून सगळ्यांना तुकडा मिळत नाही, हे मला तेव्हा कळलं आणि वाईट वाटलं. मुकादमानं यशीला हाक मारली, चल, गाडी थांबलीय.

यशी तिच्या तुकड्यात ओणवी होऊन वालाचे दाणे टोचत होती. तिनं वर पाहिलं नाही.

"औंदा नाय येत," ती म्हणाली, आणि पुढचा दाणा टोचला.